कातळाची मंजुरी

बमरोलीत चढण्यासारखे काही नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. तापीकाठच्या सपाटीवर वसलेल्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालतो, आणि आमच्या कारखान्याच्या गोदामात ग्रे कापडाच्या ताक्यांची जी थप्पी रचलेली असते तीच काय ती इथली पर्वतराजी. त्या ताक्यांची मोजदाद करून वहीत नोंद करणे हा माझा पेशा. त्यामुळे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, भाच्याच्या आग्रहास बळी पडून, सुरतेतील एका व्यायामशाळेच्या कृत्रिम भिंतीवर मी चढू लागलो, तेव्हा घरच्या मंडळींनी प्रथम डॉक्टरांची आणि नंतर विम्याच्या कागदांची चौकशी केली.

परंतु ती भिंत मला मानवली, कारण ती म्हणजे एक सुव्यवस्थित कचेरीच होती. निळ्या पकडींचा मार्ग निराळा, पिवळ्यांचा निराळा. हात कोठे आणि पाय कोठे याचा निवाडा कोणा जाणत्याने आधीच केलेला, आपण फक्त खूण केलेल्या जागी सही करावी तशी बोटे टेकवायची. ऑलिंपिकमधील वेगाच्या स्पर्धेची पंधरा मीटरची भिंत तर जगभर एकाच नमुन्याची असते आणि निष्णात आरोहक ती पाच सेकंदांच्या आत चढून जातात. इतक्या त्वरेने वर सरकलेला अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. खाली दोर सांभाळणाऱ्यास ही मंडळी बिलेअर म्हणतात. मी त्यास जामीन म्हणतो, कारण आपण निसटलो की निस्तरायचे त्याने.

तीन महिन्यांत ती चाळीस फुटांची भिंत माझ्या अंगवळणी पडली, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा माणसास गर्व होतोच. 1670 साली दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतले; मीही एका रविवारी पहाटे त्याच दिशेने निघालो, फरक इतकाच की माझ्या पिशवीत लूट नव्हती, बोटे मुडपून टाकणारे आरोहणाचे बूट तेवढे होते. सापुतारा ओलांडून नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत शिरले की हातगड दिसतो. त्याच्या परिसरातील एका काळ्या कातळापाशी भाच्याने मला उभे केले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा प्रदेश घडला. भूशास्त्रज्ञ या थरांना ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. जिना खरा, पण त्याच्या पायऱ्या माझ्या मापाच्या नव्हत्या. मी वर पाहिले, निळा रंग शोधला, पिवळा शोधला. सर्वत्र एकच काळा, आणि त्यावर वाळलेल्या गवताचे चार तुरे.

“मामा, आधी दगड थापटून बघा. पोकळ वाजला तर धरू नका,” भाचा खालून म्हणाला. बाजारात मडके पारखावे तसा मी प्रत्येक दगड वाजवीत चढू लागलो. तिसरे मडके पारखण्यापूर्वीच माझ्या हातात आले. ते परत कोठे ठेवावे याचा शिरस्ता मला ठाऊक नव्हता.

“मामा, डावा पाय उचला!”

“कुठे ठेवू?”

“खाच आहे ना, बघा!”

खाच होती, दोन बोटे रुंद. तीवर शरीराचा सगळा भार सोपवावा असा कोणताही लेखी हुकूम तेथे चिकटवलेला नव्हता, आणि मंजुरीवाचून पाऊल न उचलण्याच्या पंचवीस वर्षांच्या सवयीने मला तेथेच खिळवून ठेवले. इतक्यात उजवा पाय, मला न विचारता, मागाच्या धोट्याप्रमाणे थरथरू लागला. किती वेळ मी त्या अवस्थेत होतो, सांगता येणार नाही. एवढे स्मरते की समोरच्या खडकातील बारीक छिद्रांचा, लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या त्या खळग्यांचा, माझा अभ्यास त्या काळात पूर्ण झाला.

शेवटी मीच आवाज दिला आणि जामिनाने मला हळूहळू खाली सोडले. निदान तीस फूट तरी चढलो असेन, असे मी गुडघ्यावरील रक्त पुसत म्हणालो. भाचा काही बोलला नाही. त्याने माझ्याच पिशवीतील कापड मोजण्याची फीत काढली, दोरावरील खुणेला लावली आणि आकडा मोठ्याने वाचला: अकरा फूट चार इंच.

बमरोलीतील आमच्या घराचे छत दहा फुटांवर आहे.