डबक्यातलं पाणी, जपानी कायदा

जपानमध्ये गाडी भाड्यानं घेऊन फिरायचं ठरवलेल्या मराठी माणसाला पहिला दिलासा असा, की तिथंही वाहनं डावीकडूनच चालतात. आपल्या आरटीओनं दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाही चालतो. साधर्म्य इथं संपतं.

विनाकारण हॉर्न वाजवला तर ३,००० येन दंड. आता सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच पुढच्याला जागं करणं हे विनाकारण कसं, हे त्यांनाच ठाऊक. आपल्याकडे ट्रकांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंद केलं. पण तोवर सगळ्यांचं पाठ झालं होतं.

फाटक उघडं असलं तरी रुळांपुढे गाडी पूर्ण थांबवायची. आपण बंद फाटकाखालूनही दुचाकी तिरकी करून काढतो, हे कौशल्य तिथं वायाच जाणार. पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर पाजणारा आणि शेजारी बसलेलाही गुन्हेगार ठरू शकतो. म्हणजे अख्खी पार्टीच आत.

कहर म्हणजे, डबक्यातलं पाणी पादचाऱ्याच्या अंगावर उडवणं हाही गुन्हा! हा कायदा जुलैत पुण्यात लावला, तर महापालिका खड्डे बुजवायचंच सोडून देईल. उत्पन्नाचं साधन कोण बुजवतं?

२०२२ मध्ये रस्त्यांवर जपानमध्ये २,६१० माणसं मेली, भारतात १,६८,४९१. त्यांचा आकडा अपघातानंतर चोवीस तासांत झालेल्या मृत्यूंचा, आपला तीस दिवसांत झालेल्या, असा मुद्दा जरूर काढावा. आपली लोकसंख्या अकरा पट आहे, हेही ठणकावून सांगावं. मृत्यू चौसष्ट पट आहेत, तो भागाकार मात्र चारचौघांत करू नये.