पाचाचं शून्य

परवा माळा साफ करायला शिडी शोधली, तर जागेवर नाही. "दिली असेल तुम्हीच कुणाला तरी," सौ. म्हणाली. त्या 'तुम्हीच'मधल्या 'च'ला उत्तर नसतं. मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर वजाबाकी मांडून बसलो.

हा नाद कापरेकरांचा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी करता करता द. रा. कापरेकर आकड्यांशी खेळत. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात खेपांत ६१७४ येते आणि ठाण मांडून बसते. पुन्हा कितीही ढवळा, ६१७४च.

मी जरा हावरटपणा केला. शून्यापासून नवापर्यंत दहाही अंक रांगेत उभे केले. ९८७६५४३२१० मधून ०१२३४५६७८९ वजा केले. उत्तर आलं ९७५३०८६४२१. नऊ अब्ज पंचाहत्तर कोटी तीस लाख शहाऐंशी हजार चारशे एकवीस! पुन्हा तेच दहा अंक. ना कुणी हरवला, ना कुणी दोनदा आला. पुन्हा उतरते-चढते लावले तर तीच वजाबाकी, तेच उत्तर. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर 'हर्षद' म्हणत. हिच्या अंकांची बेरीज ४५ आणि शेवटी १, म्हणजे पाचानंसुद्धा भाग जात नाही. हर्ष नाहीच. तो त्या दिवशी आमच्या घरातही नव्हता.

पण खरी गंमत वजाबाकी करताना दिसली. एकं घरातल्या शून्यातून नऊ जाईनात, म्हणून त्यानं शेजारच्या एकाकडे हात पसरला. एकाचं देऊन शून्य झालं, आता आठ कसे जाणार? तो गेला दोनाकडे. दोन तिनाकडे, तीन चाराकडे, चार पाचाकडे. अगदी आमची चाळ! पाचानं मात्र पुढं कुणाचं दार ठोठावलं नाही. मागणाऱ्याला दिलं, स्वतःकडे चार उरले, त्यातून चार वजा झाले. हाती शून्य! पलीकडचे सहा, सात, आठ, नऊ कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या वाट्याला तीन, पाच, सात, नऊ असं ऐसपैस उत्तर.

"म्हणजे हा पाच तुम्ही," खांद्यावरून डोकावत सौ. म्हणाली.

मी घाईघाईनं पुढची खेप मांडली. उतरत्या क्रमात ते शून्य सरकत सरकत पार शेवटी गेलं, एकं घरात. आणि वजाबाकी सुरू होताच सगळ्यात आधी हात पसरायची पाळी त्याचीच आली.

कागद घडी करून खिशात घातला आणि शेजारचं दार वाजवलं.

"शिडी का, काका?" शेजाऱ्याचा मुलगा म्हणाला, "आधी सांगायचं ना! आम्ही कालच पलीकडच्या खोलीत दिली."