विंडोज : मान्यतेस्तव सादर

मार्च संपत आला की वऱ्हाडात दोन गोष्टी तापतात : अकोल्याचं ऊन आणि अखर्चित अनुदान. उन्हावर कुलरचा उतारा आहे, अनुदानावर कॉम्प्युटरचा. त्यामुळे अकोल्यातल्या एका जिल्हा कार्यालयात (नाव छापत नाही, आमचंही एक काम तिथे अडकलंय) ३१ मार्चच्या आत १२ नवे कॉम्प्युटर येऊन पडले. खोकी फुटली, जडवस्तू नोंदवहीत नंबर पडले, ते नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने यंत्रांच्या पाठीवर रंगवूनही झाले. मग आस्थापना शाखेला प्रश्न पडला : यात विंडोज कोणतं टाकायचं?

खरं म्हणजे हा प्रश्नच नव्हता. यंत्रात विंडोज ११ आधीच होतं, लायसनसकट, पैसे चुकते केलेलं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नारळ दिला. सात तर १४ जानेवारी २०२० पासूनच सेवानिवृत्त. पण सेवानिवृत्ताला मानधनावर परत बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे. बडेबाबूंनी तोंडी अभिप्राय दिला, ‘‘सातच टाका. इतके वर्स चालून रायलं न बाप्पा, कायले हात लावता?’’

बडेबाबूंना लगेच हसू नका. त्यांच्या खुर्चीमागे स्टुलावर एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, १३२ कॉलमी. कडेला भोकं असलेला रुंद कागद तो दाढेखाली धरल्यासारखा कुरकुरत ओढतो. त्याची केबल मनगटाएवढी जाड, आणि ती जिथे खुपसायची ते पोर्ट नव्या यंत्राला ठेवलेलंच नाही. प्रिंटरशी बोलतो तो फॉक्सप्रोमधला पगाराचा प्रोग्राम, डॉसच्या काळातला. पगार केव्हाच शासनाच्या ‘सेवार्थ’ या ऑनलाइन प्रणालीवर गेला, पण जुन्या वेतनफरकाचे तक्ते अजून तिथेच मुक्कामाला आहेत. हा प्रोग्राम १६ बिटांचा, तो ६४ बिटांच्या विंडोजवर उघडत नाही. आणि ११ ची ३२ बिटांची आवृत्ती मायक्रोसॉफ्टने काढलेलीच नाही. प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ पुण्याला मुलाकडे नातवंडं सांभाळतात. तात्पर्य, सरकारी कार्यालयात नव्या कॉम्प्युटरचं व्हर्जन साहेब ठरवत नाहीत, समितीही ठरवत नाही. ते तिथला सगळ्यात जुना प्रिंटर ठरवतो.

तर सात टाकायला दुकानातला पोट्टा आला. पेन ड्राइव्ह लावला, निळा पडदा आला, भाषा निवडायची चौकट आली आणि गाडी तिथेच थांबली. माउस हलेना, कीबोर्ड दाबला तर दाद देईना. साताच्या जन्मवेळी यूएसबी ३ चे ड्रायव्हर त्याच्या पदरात घातलेले नव्हते, आणि नव्या यंत्राला दुसऱ्या जातीचं भोक नाही. पोट्ट्याने कुठून तरी ड्रायव्हर आणून माउस हलवला, तर पुढच्या पडद्यावर साताला डिस्कच दिसेना. घाम पुसत तो म्हणाला, ‘‘साहेब, सात या मशीनले ओयखतच नाई.’’ बडेबाबू म्हणाले, ‘‘मंग ओयख करून दे न बे!’’

लेखा शाखेने मध्यममार्ग काढला : दहा टाकू, आणि सुरक्षेची डागडुजी विकत घेऊ. मायक्रोसॉफ्टने तशी सोय ठेवली आहे. कार्यालयांसाठी यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. असा चढता दर आमच्याकडच्या सावकारांनाही सुचला नव्हता. तरी परदेशी कंपनीला दरसाल मोजत बसण्याचा वऱ्हाडाला सराव आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेलगाडीचे रूळ स्वातंत्र्यानंतरही एका ब्रिटिश कंपनीचेच राहिले आणि आपली रेल्वे तिला वर्षानुवर्षं पैसे देत राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन त्या रुळांवर १९९४ पर्यंत धावलं. अपडेट एकदाही मागितलं नाही. बडेबाबू मूळचे मूर्तिजापूरचेच, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग फाँटचा मुद्दा आला. टंकलेखक म्हणाले, ११ वर माझ्या कृतिदेवचं काय? कृतिदेव ११ वरही चालतो. खोट दुसरीकडेच आहे. पडद्यावर ‘अकोला’ दिसतं तेव्हा फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, आणि फाँट नसलेल्या यंत्रावर तेच पत्र मंत्रासारखं दिसतं. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी २००० सालापासून आहे, आणि शासनही युनिकोड वापरा म्हणून सांगत आलंय. ते सांगणारं परिपत्रक या कार्यालयाने सगळ्या शाखांना तातडीने पाठवलं, कृतिदेवमध्ये पुन्हा टाइप करून.

एका नव्या लिपिकाने, अजून परिवीक्षेत असल्यामुळे असेल, लिनक्स सुचवलं. केरळच्या शाळा ते कधीपासून वापरतात, फुकट आहे, आणि आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली काढली आहे, असं तो उत्साहाने सांगू लागला. बडेबाबू म्हणाले, ‘‘बॉस हाय एक आपल्याकडं. तोच लय झाला.’’ तो लिपिक सध्या आवक-जावकला आहे.

शेवटी, जबाबदारी कोणावर येणार नाही असा मार्ग म्हणून, फाइल अमरावतीला विभागीय कार्यालयाकडे ‘मार्गदर्शनास्तव’ गेली. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला होता. (एकेरी मोजून ७५. दुपदरी धरलं तर साडेसदतीस. मोजावं कसं, हे आमच्या अभियंत्यांना शिकवावं लागत नाही.) डांबर पाच दिवसांत संपलं. त्याच डांबरावरून गेलेली फाइल परत यायला पावसाळा लागला. तोवर १२ यंत्रं कापडी झाकणांखाली होती आणि कुलरचे तुषार अंगावर घेत होती. तेराव्या, जुन्या यंत्रावर सगळी शाखा रांगेत बसून काम करत होती.

फाइल आली. सोबतच्या तुलनात्मक तक्त्यावर लाल शाईने शेरा होता : ‘विंडोज ७, ८ व १० यांचा विचार केलेला दिसतो. ९ का वगळण्यात आले, याचा खुलासा नाही. त्याचीही दरपत्रके मागवून प्रस्ताव फेरसादर करावा.’

मायक्रोसॉफ्टने ८ नंतर एकदम १० काढलं, ९ कधी काढलंच नाही, हे पत्रात लिहावं असं साहेबांच्या मनात होतं. बडेबाबूंनी अडवलं. वरिष्ठांनी विचारलेली वस्तू अस्तित्वातच नाही असं लेखी कळवायची त्यांच्या नोकरीत पद्धत नव्हती. त्यांनी त्याच पोट्ट्याला फोन लावला. विंडोज ९ ची तीन दरपत्रकं संध्याकाळपर्यंत आली, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर, एकाच अक्षरात. सगळ्यात कमी दर मंजूर झाला आहे. पुरवठ्याची मुदत ३१ मार्च.