अहो, त्या ब्रांकाचं ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणापाशी. मोठ्याने बोलण्यासारखं नाही हे. तो बेसबॉलमधला, जायंट्सच्या बॉबी थॉमसनचा होमरन हो, ३ ऑक्टोबर १९५१चा... त्यामागे म्हणे दुर्बीण होती!

हो, दुर्बीण! पण थांबा, आधीचं आधी सांगते. जायंट्स आणि डॉजर्सचं कसं होतं, ठाऊकच आहे तुम्हाला. राहायचं एकाच न्यूयॉर्कात आणि एकमेकांचं तोंड बघायचं नाही. त्यातून तो मॅनेजर लिओ ड्युरोशर! १९४८ साली डॉजर्स सोडून गेला तो थेट जायंट्सकडे. ब्रुकलिनची माणसं विसरतात होय असलं काही! तरी १९५१च्या ऑगस्टात डॉजर्स साडेतेरा मॅचेस पुढे होते. पेनंट, म्हणजे लीगचं जेतेपद, आपलंच, म्हणून मिशीला पीळ. आणि जायंट्सनी शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकल्या! बरोबरी झाली, मग प्लेऑफ, त्यात एक यांनी जिंकली, एक त्यांनी...

तर काय सांगत होते? हां, तिसरी मॅच. पोलो ग्राउंड्सवर. नवव्या इनिंगला डॉजर्स ४-१ पुढे, म्हणजे संपलंच की! थॉमसनने तर आधी असा घोळ घातला होता, विचारू नका. सेकंड बेसवर आपलाच लॉकमन उभा, आणि हा त्याच बेसकडे धावत सुटलेला!

पण डॉजर्सचा पिचर न्यूकम दमला, ४-२ झालं, दोघं बेसवर. त्यांच्या मॅनेजर ड्रेसनने बुलपेनला, म्हणजे राखीव पिचर तयार होतात तिकडे, फोन लावला. तिकडून कोच सुकफर्थ म्हणाला, अर्स्किनचे बॉल जमिनीवर आपटतायत, ब्रांकाला घ्या. घेतला! याच थॉमसनने दोन दिवसांपूर्वी याच ब्रांकाला होमरन मारलेला, आणि ब्रांकाच्या पाठीवर नंबर कुठला, तर १३! सुकफर्थ काही पुढच्या सीझनला डॉजर्सकडे दिसला नाही हो.

दुसराच बॉल, आणि गेला लेफ्ट फील्डच्या भिंतीवरून स्टँडमध्ये! ५-४! रेडिओवर रस हॉजेस घसा फोडून तेच तेच ओरडतोय, जायंट्सनी पेनंट जिंकलं म्हणून. आणि डॉजर्सचे चेहरे... माना खाली घालून निघाले सगळे. एकटा जॅकी रॉबिन्सन मागे थांबला, थॉमसनचा पाय प्रत्येक बेसला लागतोय की नाही ते बघत. ब्रांका क्लबहाउसच्या पायऱ्यांवर कोसळलेला. त्याचाही फोटो काढला मेल्यांनी! बिचाऱ्याचं लग्न तोंडावर आलेलं, आणि सासरचे कोण? डॉजर्सच्या मालकांपैकी!

हां, दुर्बीण राहिलीच की. जायंट्सचं क्लबहाउस सेंटर फील्डच्या मागे. तिथून त्यांचा कोच हर्मन फ्रँक्स दुर्बिणीतून समोरच्या कॅचरच्या, कुठला बॉल टाकायचा त्याच्या, खुणा बघायचा, बटण दाबलं की बुलपेनमध्ये बझर, आणि तिथून बॅट्समनला इशारा. २००१ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये सगळं छापूनच आलं. थॉमसनला विचारलं, तर म्हणे त्या बॉलला मी इशारा घेतलाच नव्हता. आता पन्नास वर्षांनी काय शाबीत करणार, कपाळ?

पण खरी गंमत पुढेच आहे. ब्रांकाच्या कानावर हे १९५४ सालीच आलं होतं. तरी जगापुढे चकार शब्द काढला नाही! उलट थॉमसनच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं लोकांना सह्या देत राहिला. आपल्याला पचलं असतं का हो, एक रात्र तरी?

माझं विचाराल, तर दुर्बिणीने खूण दिसते, बॉल भिंतीपलीकडे जात नाही. तो मारावाच लागतो. पण चोरी ती चोरीच! आणि एवढं करून त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज नेली कोणी? यँकीजनी, ४-२!