मुठीची मिजास

अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ च्या सुमारास ‘११० फोल्डिंग हंटर’ हा घडीचा चाकू आणला, तो शिकाऱ्यांसाठी. पावणेचार इंची पातं, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ, मधे लाकूड. आता तो संग्राहकाच्या पेटीत मखमलीवर निजतो आणि हरणं निवांत चरतात. चर्चा चालते ती मुठीची: लाकडाच्या रेषा सरळ की नागमोडी? पितळेच्या सांध्यावर नख अडकतं का? पितळ चकाकवावं की काळवंडू द्यावं, यावर तर (देवा!) दोन पंथच आहेत. आणि धार? पुन्हा लावली की भाव उतरलाच. सर्वांत मोलाचा चाकू तो, ज्याने जन्मात काही कापलेलं नाही. नव्या चाकूचं पार्सल आलं की साहेब ते फोडायला स्वयंपाकघरातली प्लास्टिकच्या मुठीची सुरी मागतात.