वसूलराव ताजमध्ये

वसूलराव प्रत्येक सोसायटीत एक असतातच. आमचे डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. अमर्यादित थाळीत ते आधी गुलाबजाम खातात. भात शेवटी, पोटात जागा उरली तर. सिनेमा कितीही रटाळ निघाला तरी शेवटची नावं संपेपर्यंत उठत नाहीत, कारण तिकिटात तीही धरलेली असतात. त्यांना कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. कंजूष माणूस पैसे देत नाही. हे देतात, आणि मग त्या पैशांच्या मागे लागतात.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लेकीने त्यांना कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एका रात्रीची खोली घेऊन दिली, तीही समुद्राकडची. पैसे तिने परस्पर भरले होते. पण पैसे कोणाचे हा प्रश्न वसूलरावांच्या लेखी गौण. गेलेत ना, मग वसूल झाले पाहिजेत.

भाडं किती ते लेक काही केल्या सांगेना. तेव्हा त्यांनी हिशेबाला सोपं म्हणून बावीस हजार धरलं आणि साडेसात हजारांवरच्या खोलीला लागणारा १८ टक्के जीएसटी त्यावर चढवला. झाले २५,९६०. खोली मिळणार दुपारी दोनला, सोडायची दुसऱ्या दिवशी बाराला.

"म्हणजे तास बावीसच! आणि पैसे अख्ख्या दिवसाचे. आम्ही बँकेत असा दिवस मोजला असता तर ऑडिटवाल्यांनी उलटं टांगलं असतं."

ताशी ११८० रुपये. हा आकडा सापडला आणि वहिनींच्या सहलीचं वाटोळं झालं.

वहिनींना घारापुरीची लेणी पाहायची होती. जन्म मुंबईच्या आसपास गेला तरी त्रिमूर्तीचं दर्शन घडलं नव्हतं, आणि आता लाँच तर खिडकीखालूनच सुटत होत्या. वसूलरावांनी कागद पुढे केला. जायला तास, यायला तास, पायऱ्या चढणं, लेणी बघणं, धरा पाच तास. म्हणजे ५९०० रुपये खोली नुसती रिकामी ठेवण्याचे, लाँचचं आणि लेण्यांचं तिकीट वेगळं. वहिनी म्हणाल्या, "अहो, मग झोपायचं तरी का?" हा मुद्दा त्यांना फारच पटला. सात तासांची झोप ८२६० रुपयांना पडत होती. त्यांनी चारचा गजर लावायचं ठरवलं.

दुपारी तीनला मला त्यांचा फोन आला. "लगेच ये. भेटायला येणाऱ्याला चार्ज नाही, विचारून घेतलंय."

दारात सामानाची तपासणी होते. नोव्हेंबर २००८ मध्ये इथे जे घडलं त्यानंतर ती व्हायलाच हवी. वसूलरावांच्या बॅगेतला चकलीचा डबा म्हणे मशीनच्या पडद्यावर स्प्रिंगा भरल्यासारखा दिसला. तिथल्या मुलीने नम्रपणे डबा उघडायला सांगितला, यांनी तितक्याच नम्रपणे तिला एक चकली देऊ केली आणि न घेतल्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले.

मी खोलीत शिरलो तेव्हा वसूलराव शर्टपँटवर हॉटेलचा पांढरा झगा चढवून इस्त्री करत होते. घरून चौदा शर्ट आणले होते. "इस्त्रीवाला नगाला दहा घेतो. इथे इस्त्री फुकट, वीज फुकट." एसी सोळावर होता, म्हणून झगा. सगळे दिवे लावलेले, भर दुपारी. किटलीत घरची चहापूड उकळत होती. हॉटेलच्या चहाच्या पुड्या घरी न्यायच्या होत्या. सोफ्याशेजारच्या छोट्या फ्रिजकडे मात्र ते साप असल्यासारखे लांबूनच बघत होते. वहिनी खिडकीला नाक लावून उभ्या. खाली गेटवे ऑफ इंडिया, कबुतरं, झटपट फोटो काढून देणारे, बागेत घोड्यावर शिवाजी महाराज आणि पलीकडे एकामागून एक भरून सुटणाऱ्या लाँच. वसूलरावांची या सगळ्याकडे पाठ होती, कारण इस्त्रीचा प्लग त्या बाजूला नव्हता.

माहिती मात्र त्यांना चोख. कॉलर दाबता दाबता म्हणाले, "ज्या राजाराणीसाठी ही कमान, ते १९११ मध्ये येऊन गेलेसुद्धा. पायाचा दगड १९१३ ला, उद्घाटन १९२४ ला. पाहुणे जेवून गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव! आणि हे हॉटेल १९०३ चं. म्हणजे आधी हॉटेल, मग गेटवे. पहिली एकवीस वर्षं लोकांनी नुसत्या पाण्याकडे बघायचे पैसे मोजले रे!" त्या अज्ञात गिऱ्हाइकांबद्दल त्यांचा गळा खरोखर दाटून आला.

हे हॉटेल चुकून उलटं, समुद्राकडे पाठ करून बांधलं गेलं आणि ते पाहून वास्तुकाराने जीव दिला, ही कथा त्यांच्यासमोर कोणी काढू नये. मीही इथे त्यांच्याच बाजूने आहे. प्रवेशद्वार मुळातच शहराच्या बाजूला ठेवलेलं होतं. आराखड्यावर काम केलं ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य बांधकाम चालू असतानाच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते पुरं केलं. "मराठी माणसाने एवढं उभं केलं, आणि लोक म्हणतात नकाशा उलटा धरला!" असं म्हणून त्यांनी बाहीवर एवढा जोर दिला की मला शर्टाची काळजी वाटली.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. सकाळी नाश्त्याचं दार उघडायच्या आधी वसूलराव दारात हजर. इडली, पोहे, उपमा यांकडे ढुंकून पाहायचं नाही असा हुकूम होता, कारण ते घरी मिळतं. त्यांनी तीन प्रकारचं परदेशी चीज घेतलं, त्यातल्या एकाला मोज्यांचा वास येत होता, तेही संपवलं. वहिनींनी आपल्या दोन इडल्या आणि कॉफी घेतली. समोर बसून हे नुकसान पाहणं वसूलरावांना जड गेलं.

कॉफी संपवून वहिनी उठल्या. पर्स घेतली, टोपी घातली.

"कुठे?"

"घारापुरीला. नऊची लाँच आहे."

"अगं, खोली बारापर्यंत आपली आहे! तीन तास..."

"तासाचे ११८० दोघांचे ना? माझे निम्मे. तीन तासांचे १७७० मी बुडवले, लेकीला मी सांगेन. तुमच्या वाट्याचे तुम्ही वसूल करा. बाराला खोली सोडा, बॅगा खाली ठेवा, मी दोनपर्यंत येते."

वसूलरावांनी वर जाऊन टबात तिसऱ्यांदा पाणी सोडलं.

वहिनी परतल्या त्या अडीचला. तोंड उन्हाने लाल, चपला धुळीने माखलेल्या, आणि बोलणं काही थांबेना. एवढी मोठी त्रिमूर्ती, मधल्या चेहऱ्याचे डोळे कसे मिटलेले, अर्धनारीश्वर कसा, माकडाने एका बाईच्या हातातलं कणीस कसं पळवलं. वसूलराव लॉबीतल्या गुबगुबीत खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होते. वहिनी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "अडीच तास बसलोय इथे. एसी, पेपर, दोनदा पाणी. एक पैसा मागितला नाही कोणी. बस अजून थोडा वेळ."