मालक सुट्टीवर आहेत

मे महिन्यात सगळा महाराष्ट्र सुट्टीवर निघतो आणि निम्मा कोल्हापुरात उतरतो. अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावर भेळ आणि परतीच्या वाटेवर चप्पल लाईन. तुमची सुट्टी म्हणजे आमच्या शेजारच्या चप्पल दुकानाच्या मालकांचा हंगाम. त्यांची पोरं दरवर्षी विचारतात, ‘पप्पा, आपण कधी?’

यंदा निघाले एकदाचे. गणपतीपुळे, दोन रात्री. आंबा घाटात रेंज गेली आणि वहिनींना तासभर नवरा मिळाला. साखरप्याला रेंज आली, नवरा गेला! मग समुद्राकडे पाठ करून दुकानात व्हिडिओ कॉल: ‘कापशी आठ नंबर वरच्या फळीवर हाय, बघ की रं! आणि भाव पाडू नगंस.’ मागच्या लाटा पाहून गिऱ्हाईकच विरघळलं, ‘मालक, तुम्ही मजा करा, आम्ही पुढच्या खेपेला घेतो.’ त्या रात्री मालकांना झोप नाही.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती बनवणाऱ्या-विकणाऱ्यांच्या रजेला अजून कुणाचंच मानांकन नाही.

पुढच्या मे महिन्याचं वहिनींनी आत्ताच ठरवलंय. पोरांना घेऊन त्या एकट्याच जाणार. पप्पांना समुद्र व्हिडिओ कॉलवर दाखवतील, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.